अर्थापर्यंत वाट नाही

मंगळवार, ४ मार्च

बाई वही, आधी सगळ्यांची खुशाली. यांचे गुडघे कसे? कुरकुरतात, पण चालतात. नको तेवढे चालतात! भाचीची सर्दी? उतरली. सोल्डरिंग गनचं टोक? काळं पडलंय बिचारीचं. माझा उजवा हात? थरथरतो. डोळे? ते विचारू नकोस. आणि तू? कोरी. बरंय तुझं.

आज पुन्हा हे न सांगता बाहेर! भर दुपारी. कोपऱ्यावरच्या लाँड्रीसमोर, अगदी रस्त्याच्या मधोमध, यांना गाठलं. एका टेम्पोने कचकन ब्रेक मारला, तो आवाज अजून कानात आहे. म्हटलं, "अहो, निघालात कुठं?" यांनी टेम्पोवाल्याला जायची खूण केली. मग माझा हात धरून म्हणाले, "कुठं नाही गं. चल घरी." जसा काही सगळा बेत यांचाच!

हसले मी. पण घरी येईपर्यंत यांचा हात सोडला नाही. माणूस डोळ्यांदेखत असा विसरत चाललाय. दाराला घंटा लावायचीच. दार उघडलं की मला कळलं पाहिजे. उद्या टेम्पोवाल्याचा पाय ब्रेकवर वेळेत पडेलच असं थोडंच आहे.

बुधवार, ५ मार्च

पार्टवाल्याकडे गेले. चुंबकावर चालणारा दाराचा स्विच मागितला. तो म्हणतो, "आजी, दुसरं दुकान काढताय का? परवाच नेलात की!" म्हटलं, नेला असेन, जाळला असेन. हात बघ माझा. तर म्हणाला, "मग आधी कॉम्प्युटरवर जोडून बघा. तिथं काही जळत नाही. असल्या खोट्या सर्किटांचे सिम्युलेटर फुकट मिळतात, त्यांतला कुठला चांगला तेही सांगा. येणारा प्रत्येक जण मलाच विचारतो. मी पार्ट विकतो, सल्ला कुठून आणू?"

गल्ल्यावरून उठून तो मला दारापर्यंत सोडायला आला. कधी येत नाही.

शुक्रवार, ७ मार्च

भाचीने पहिला सिम्युलेटर उघडून दिला. उतरवून घ्यायची भानगड नाही, इंटरनेटवर सरळ चालतो. याचं नाव मी ठेवलं ठिपकेवाला. तारेतून करंट धावतो तो पिवळ्या ठिपक्यांनी दाखवतात — मुंग्यांची रांग जशी! आयुष्यभर सर्किटं जोडली, करंट कधी पाहिला नव्हता. आज पाहिला. नवशिक्याला याच्याइतकं सोपं काही नाही. स्विचवर नुसती टिचकी मारायची, दार उघडलं!

पण फार लाडावलेला आहे. एलईडीला वाटेल तेवढा करंट द्या, जळतच नाही. खऱ्या टेबलावर धूर निघाला असता.

शनिवार, ८ मार्च

वही, एक सांगते. हसू नकोस.

आज ठिपकेवाला उघडला तर त्यात सर्किट तयार! दाराचा स्विच, ट्रान्झिस्टर, घंटेला वीज सोडणारा रिले, बझर. मी काल एवढं जोडलंच नव्हतं. एलईडीवर खेळून बंद केला होता. रेझिस्टन्स उभे काढलेले — मी उभेच काढते. आणि खाली, जमिनीच्या म्हणजे अर्थिंगच्या खुणेपाशी, 'अर्थ' असं लिहिलेलं. मराठीत.

भाचीला विचारलं. "मी नाही गं मावशी," म्हणाली, आणि काकांकडे बघितलं. हे पेपर वाचत होते. यांना रेझिस्टन्स आणि शेंगदाणा यांतला फरक कळत नाही! मग कोण?

सर्किटातलं दार उघडं होतं. ठिपके धावत होते.

मंगळवार, ११ मार्च

दुसरा सिम्युलेटर. हा उतरवून घ्यावा लागतो. कुठल्याशा चिप बनवणाऱ्या कंपनीने फुकट वाटलाय. याचं नाव कारकून. रूप जुनाट, वागणं तुसडं, पण आलेख असे काढतो की बघत राहावं. रिले सुटताना केवढा झटका मारतो ते त्याने दाखवलं. ठिपकेवाल्याला त्याचा पत्ताच नव्हता. उलटा डायोड लावला, झटका गेला.

पण आधीचं ऐक. उतरवायला गेले तर कॉम्प्युटर म्हणतो, हे इथं आधीच आहे. उघडला. अलीकडच्या फायलींत एक फाईल: 'घरी-ये'.

माझंच सर्किट. पण मी केलेलं नाही.

चालवून बघितलं. चाललंच नाही. लाल अक्षरांत काहीतरी आलं. शब्दकोश घेऊन बसले, माझ्या भाषेत आणलं. हे सॉफ्टवेअरवाले ज्याला 'ग्राउंड' म्हणतात त्याला आम्ही दुरुस्तीवाले पहिल्यापासून अर्थच म्हणतो. म्हणजे झालं असं: "या बिंदूला अर्थापर्यंत वाट नाही."

खुर्ची मागे सारली आणि उठले. घरभर दिवे लावले, दुपारचे!

बुधवार, १२ मार्च

कारकुनाचं बरोबर होतं. एक तार सुटली होती. जोडली. चाललं. उगाच घाबरले.

तिसराही बघितला — थोरला. सर्किट काढा, तपासा, पार्ट ज्यावर बसवतात ती छापील पाटीही आखून घ्या. एकाच छपराखाली सगळं. पण प्रत्येक पार्टला त्याचं मॉडेल आपण शोधून चिकटवायचं. एका घंटेसाठी एवढा संसार कोण मांडणार?

यात मात्र आधीचं काही नव्हतं. जीव भांड्यात पडला.

शनिवार, १५ मार्च

हे आणि भाची स्वयंपाकघरात कुजबुजत होते. मी गेले तशी गप्प. "काय शिजतंय?" म्हटलं. "चहा!" म्हणाली. गॅस बंद होता.

ते असो. घंटेत एक अडचण आहे. मीही त्याच दाराने जाणार. भाजी आणायला, पार्टवाल्याकडे. दर वेळी बोंब उठली तर हे घाबरतील. म्हणून एक चोरबटण! चपलांच्या कपाटामागे. दाबलं की वीज साठवणारा कंडेन्सर भरतो, आणि तो रिकामा होईपर्यंत घंटा मुकी. शहाण्या माणसाने दाबायचं आणि निघायचं. यांना सांगायचं नाही, भाचीलाही नाही. कारकुनात तपासलं. अगदी चोख!

रविवार, १६ मार्च

घंटा बसली! सोल्डरिंग भाचीने केलं. मी शेजारी बसून बोलत होते: "तापव आधी, मग लाव. लाडू वळतेस का?" चोरबटणाच्या तारा मात्र ती गेल्यावर मीच जोडल्या. थरथरत का होईना.

दार उघडून बघितलं. अशी किंचाळली की यांचा चष्मा पडला. "आता जा बघू न सांगता!" मी म्हटलं. हे हसले नाहीत. मला जवळ घेतलं. कितीतरी वर्षांनी.

पार्टवाल्यासाठी निकाल: शिकायला ठिपकेवाला. खात्री करायला कारकून. पाटी छापायची हौस असेल त्यानेच थोरल्याच्या वाटेला जावं. कुणीही घ्या, पण अर्थ जोडायला विसरू नका.

सोमवार, १७ मार्च

माझ्या चपलांना ओला चिखल. आज तर मी घराबाहेर पडलेच नाही. घंटाही वाजली नाही.

मंगळवार, १८ मार्च

दाराला घंटा लावायचीच. हे फार विसरतात. पार्टवाला म्हणतो, आधी कॉम्प्युटरवर जोडून बघा. किती चांगली कल्पना! इतके दिवस कुणाला कशी सुचली नाही?

बुधवार, १९ मार्च

तुझी वही मी कधी उघडली नव्हती. आज उघडली, रागावू नकोस. कपाटामागचं बटण आत्ता वाचल्यावर सापडलं.

मी कधी कुठं जात नव्हतो गं. तुझ्यामागे येत होतो. तू मला घरी आणतेस असं तुला वाटायचं, मी वाटू दिलं. घंटा बसली म्हणून काल दुपारी जरा डोळा लागू दिला. तू तेव्हा गेलीस ती अजून आलेली नाहीस. भाची लाँड्रीच्या बाजूला गेली आहे, पार्टवाला दुकान बंद करून पुलाकडे. मी दारात बसलोय. तू आलीस आणि घरात कुणीच नाही, असं नको व्हायला.

माझ्याशी बोलताना तुला हल्ली शब्द सापडत नाहीत. इथं सापडतात. आलीस की इथंच दोन ओळी लिही. लवकर लिही.