गस आणि माझी चार मिनिटं

सोमवार, ३ मार्च
आजपासून लेक टिल्डा माझ्याकडे. तिला सांभाळणाऱ्या शेजारच्या मिसेस ल्युंडे दारातल्या बर्फावर घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. बायकोला, मॅरिटला, नोकरीवर जाणं भाग. मी लोकांच्या घरांना बाहेरून रंग देतो, आणि डुलुथमध्ये मे उजाडल्याशिवाय कुठलंही घर रंग लावून घेण्याच्या अवस्थेत नसतं. म्हणजे मी मोकळाच. मॅरिटने दारातून विचारलं, "जमेल ना रे तुला?" मी नुसता हसलो. वीस महिन्यांची पोरगी. मी तीन-तीन मजली घरं एकट्याने रंगवली आहेत.

वेळापत्रक केलं. ९ ते १० खेळ. १० ते ११ पुस्तकं. ११ वाजता प्राण्यांचं खाणं, टिल्डाला सोबत घेऊन (जबाबदारीची जाणीव). मग तिची झोप, माझा व्यायाम. फ्रिजवर खालच्या बाजूला चिकटवलं, तिलाही दिसावं म्हणून.

सकाळी ११.४०. वेळापत्रक टिल्डाने खाल्लं. सगळं नाही. शनिवार-रविवार शिल्लक आहे.

बुधवार, ५ मार्च
घरात माझ्या हाताखाली असलेले प्राणी: गस, कुत्रा, अकरा वर्षांचा, नव्वद पौंडांचा. मॅरिटच्या आयुष्यात माझ्याआधी आला, त्यामुळे त्याचा हुद्दा माझ्या वरचा. पर्ल, मांजर, कुणाच्याच हाताखाली नाही. हॅरल्ड, कासव, मॅरिटच्या मावशीने मृत्युपत्रात लिहून ठेवलेलं. आणि दोन गिनी पिग, पीटरसन दांपत्य. दोघीही माद्या निघाल्या, पण नाव पडलं ते पडलं.

आज टिल्डाने हॅरल्डला आंघोळ घातली. संडासात. पर्लच्या पाठीवर दही. गसच्या कानात ब्लूबेरी, तीन. मी चिमट्याने काढेपर्यंत गस हललाही नाही. जरा मंदच आहे.

संध्याकाळी मॅरिटने विचारलं, दिवस कसा गेला. मजेत. कासवाला शाम्पूचा वास का येतोय? मी म्हणालो, वसंत ऋतू.

मंगळवार, ११ मार्च
बालसंगोपनाचं मर्म सापडलं. बाप सतत मागे मागे असला की मूल परावलंबी होतं. पूर्ण लेख वाचला नाही, पण मथळा स्पष्ट होता. यापुढे दिवसातून दोनदा टिल्डाला स्वातंत्र्य. त्या वेळात मी बाथरूममध्ये, दार लावून, फोनवर तो शब्दांचा खेळ. पातळी ५८. तिचाही विकास, माझाही.

शुक्रवार, १४ मार्च, दुपारी २.१५
अक्षर वेडंवाकडं येतंय.

टिल्डाच्या भुवईवर तीन टाके. डोळा वाचला. डॉक्टर म्हणाले, अर्धा इंच खाली असतं तर. पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही.

मी बाथरूममध्ये होतो. चार मिनिटं. बाहेर आलो तर ती पीटरसन दांपत्याच्या पिंजऱ्यापाशी जमिनीवर. तोंडभर रक्त, हातात टोस्ट. शेजारी खुर्ची आडवी. खुर्चीवर चढून वरच्या झाकणातून त्यांना टोस्ट द्यायला गेली असणार, पिंजऱ्याचा कोपरा लागला असणार. गस तिच्याजवळ उभा होता.

नर्सने विचारलं, कसं लागलं? पाहिलं नाही असं सांगितलं की पुढचा प्रश्न असतो, मग तुम्ही कुठे होता? मी म्हणालो, "घरात मोठा कुत्रा आहे. त्याने धक्का दिला असावा." 'असावा' म्हणालो. हे इथे नोंदवून ठेवतो. 'दिला' असं म्हणालो नाही.

सायंकाळी ५.३०. मॅरिट धावत आली. नर्सने फोनवर सांगितलं होतंच. "गसने पाडलं तिला? आपल्या गसने?" मी गप्प राहिलो. गप्प राहणं म्हणजे हो म्हणणं नव्हे.

शनिवार, १५ मार्च
घरातली डागडुजी कधीची राहिली होती. आज बाथरूमचं दार घासून घेतलं, पांढऱ्या रंगाचा एक हात दिला. झकास झालं. मॅरिट म्हणाली, आत्ता? आजच? मी म्हणालो, हात चालू असले की मन शांत राहतं.

रविवार, १६ मार्च
सासूबाई आल्या. कोट काढायच्या आधीच सुरू. "मी पहिल्या दिवसापासून सांगत होते मॅरिट, तो कुत्रा नाही, घोडा आहे घोडा. बाळ झालं तेव्हाच द्यायला हवा होता."

मॅरिट गॅरेजमध्ये गेली आणि तिथे रडली. तिला वाटतं, मला ऐकू आलं नाही. बाहेर येऊन म्हणाली, टिल्डा मोठी होईपर्यंत गस डेलकडे राहील. डेल तिचा भाऊ, वर ईलीला राहतो, दोन तासांवर. मी म्हणालो, "तुझा निर्णय मला मान्य आहे." मनाचा मोठेपणा म्हणतात तो हाच.

दुपारी डेल पिकअप घेऊन आला. गसला वाटलं, तळ्यावर फिरायला निघालोय. आपण होऊन वर चढला, म्हातारे पाय लटपटत होते तरी. मी त्याची गोधडी गाडीत ठेवली. त्याने माझा हात चाटला. मी हात खिशात घातला.

खेड्यातली मोकळी हवा. मोठं अंगण. त्याच्यासाठी बरंच झालं.

मंगळवार, १८ मार्च
टिल्डा सकाळपासून पुढच्या दाराशी. "गा?" म्हणते. गस म्हणजे गा. मी सांगितलं, गा फिरायला गेला. ती दाराकडे तोंड करून बसली. अर्ध्या तासाने पुन्हा "गा?" जेवली नाही. आपला टोस्ट गसच्या रिकाम्या थाळीत ठेवला आणि वाट बघत बसली.

चार मिनिटं म्हणजे घड्याळ लावून चार नव्हती. सहा असतील. पातळी ६१ अवघड आहे.

रविवार, २३ मार्च
ठरवलं होतं: आज न्याहारीला पॅनकेक झाले की मॅरिटला सांगायचं. पॅनकेक करपले, मूड गेला. मग ठरवलं, चर्चनंतर.

चर्चमध्ये मॅरिट सगळ्यांना सांगत होती, "लायल घरात होता म्हणून बरं. चार ढांगांत पोचला तिच्यापाशी." पास्टरच्या बायकोने माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. म्हणाली, "तुझ्यासारखे बाप कमी असतात हो." मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

संध्याकाळी चर्चमधल्या कुणीतरी हॉटडिश पाठवली, वर बटाट्याचे कुरकुरीत तुकडे लावलेली. आमच्या कठीण काळासाठी. दोनदा वाढून घेतली. अन्नाला नाही कसं म्हणणार.

गुरुवार, २७ मार्च
तोंडाने जमत नाही, कागदावर जमेल. मॅरिटला पत्र लिहिलं. इथे त्याचा सारांश.

सहा मिनिटं नव्हती. बारा होती. आणि गस भुंकत होता. बाथरूमच्या दाराशी येऊन भुंकत होता, दारावर पंजे मारत होता. गस कधीच भुंकत नाही. मी आतून ओरडलो, "गप बस, गस!" तो थांबला नाही. मी फोनचा आवाज वाढवला. त्याने दारावर चार लांब ओरखडे काढले होते. तेच मी पंधरा तारखेला बुजवले.

तो मला बोलवायला आला होता.

पत्र मॅरिटच्या कपाखाली ठेवलं आणि टिल्डाचं दूध गरम करायला वळलो. तेवढ्यात टिल्डाने ते पिंजऱ्याच्या जाळीतून पीटरसन दांपत्याला दिलं. 'प्रिय मॅरिट'पासून 'खरं सांगायचं तर'पर्यंत सगळं फस्त. उरलं ते भिजलेलं.

दुसरं लिहिता आलं असतं. कागद होता, पेनही होतं. पण मला वाटलं, नशिबालाच हे मंजूर नसावं. नशिबाचं नाव घेऊन जरा बरं वाटलं. दहा मिनिटं.

मंगळवार, १ एप्रिल
डेलचा फोन. मॅरिटने स्पीकरवर टाकला. "ऐक गं, तुझा कुत्रा घरात यायलाच तयार नाही. फाटकाशी बसून असतो. कुठलीही गाडी आली की उठतो, गेली की पुन्हा बसतो. खातो पण कसंबसं." मग म्हणाला, त्याच्या शेजारी मिस्टर क्विस्ट म्हणून आहेत, एकटेच, त्यांना गस फार आवडलाय. ते शनिवारी कायमचे ॲरिझोनाला निघालेत. घेऊन जातो म्हणतात.

मॅरिट म्हणाली, "दे त्यांना. पोरीवर चाल करून गेलेला कुत्रा मी परत कुठल्या तोंडाने आणू?"

चाल करून गेलेला. अडीच आठवड्यांत 'असावा'चं हे झालं. मी सुधारणा करायला हवी होती. मी म्हणालो, ॲरिझोनाचं ऊन सांध्यांना चांगलं.

मॅरिट म्हणाली, "हो." आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. म्हणाली, तू आहेस म्हणून मला धीर आहे.

गुरुवार, ३ एप्रिल
उद्या सांगणार. नक्की. सकाळी, ती कॉफी घेत असताना. वाक्य पाठ केलं आहे. हॅरल्डसमोर तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्या वेळी त्याने मान आत घेतली.

शुक्रवार, ४ एप्रिल
सकाळी ७.१०. मॅरिट कॉफी घेत होती. मी वाक्य सुरू करणार तोच टिल्डाने खुर्ची सरसर ओढत पिंजऱ्यापाशी नेली. वर चढली. एक पाय खुर्चीच्या पाठीवर, टोस्टचा हात पुढे. खुर्ची कलली. मॅरिटने झेप घेऊन पोरीला हवेतच धरलं.

खुर्ची आडवी पडली. तशीच. त्याच जागी.

मॅरिटने खुर्चीकडे पाहिलं, पिंजऱ्याच्या कोपऱ्याकडे पाहिलं, टिल्डाच्या भुवईकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पाठ केलेलं वाक्य मला आठवेना. मी म्हणालो, "ती तशीच पडली होती."

"गस?"

"त्याने काही केलं नाही."

"तू कुठे होतास?"

"बाथरूममध्ये."

"किती वेळ?"

चार म्हणायला तोंड उघडलं होतं. म्हणालो, "बावीस मिनिटं." फोनवर खेळाची वेळ दिसते. मी त्याच दिवशी पाहिली होती. या वहीत लिहिली नव्हती.

मग गसच्या भुंकण्याचं सांगितलं. गप बस म्हणालो ते. दाराचं सांगितलं. मॅरिटने उठून बाथरूमच्या दारावरून हात फिरवला. रंगकाम चांगलं झालं आहे, काही लागलं नाही हाताला. ती तिथेच उभी राहिली, पाठ माझ्याकडे.

म्हणाली, "मी त्याला निरोपसुद्धा नीट दिला नाही रे. रागात होते मी त्याच्यावर."

ती ओरडेल याची मी तयारी केली होती. ओरडली नाही. कामावर फोन करून येत नाही म्हणून सांगितलं, टिल्डाला थंडीचे जाड कपडे चढवले, गाडीची किल्ली घेतली. मी येऊ का विचारलं. "नको. तू या बाकीच्यांना खायला घाल."

दुपारी १२.००. घातलं सगळ्यांना. पर्लने थाळीला तोंड लावलं नाही, माझ्याकडे बघत बसली. मांजरं कुणाकडेही तशीच बघतात म्हणा.

दुपारी २.००. फोन नाही. मिस्टर क्विस्ट एक दिवस आधीच निघाले असतील तर? म्हातारी माणसं निघतात लवकर. फोनवरचा खेळ काढून टाकला. पातळी ७४ होती. ही गोष्ट मॅरिटला सांगावी असं क्षणभर वाटलं. बरं झालं, ती घरात नव्हती.

सायंकाळी ४.२०. गाडी आली. मागच्या काचेत दोन डोकी, एक लाल टोपीतलं, एक करडं.

शनिवार, ५ एप्रिल
गस रोडावला आहे. टिल्डा त्याला सोडत नाही. सकाळपासून तीन वेळा त्याच्यावर पांघरूण घातलं, दोनदा माझ्या कोटाचं. त्याच्या थाळीत तिने टोस्ट ठेवला, त्याने खाल्ला, तिने टाळ्या वाजवल्या. मग दुसरा ठेवला. सहा टोस्ट झाले. मी अडवलं नाही.

मॅरिट माझ्याशी बोलते. मीठ दे. दार लाव. तेवढंच.

चर्चमधल्या लोकांना उद्या मीच सांगेन म्हणालो. ती म्हणाली, "सांगच." मिस्टर क्विस्टनाही फोन केला. कारण विचारलं नाही त्यांनी, फक्त म्हणाले, "चांगला कुत्रा आहे हो. जपा."

रविवार, ६ एप्रिल
पास्टरच्या बायकोला सांगितलं. तिने या वेळी हात धरला नाही. हॉटडिशचं भांडं धुऊन परत केलं.

सोमवार, ७ एप्रिल
टिल्डाचे टाके कधीच निघाले, पण डॉक्टर म्हणतात, भुवईत तेवढ्या जागी केस येणार नाहीत. रोज तोंड पुसताना दिसणार.

उद्यापासून सासूबाई येणार, नऊ ते बारा. मॅरिट फोनवर त्यांना सांगत होती, तिघांकडे लक्ष ठेवायचं. टिल्डा, गस आणि. तिसरं कोण, मी विचारलं नाही.

गसची माफी मागायचं ठरवलं होतं. रीतसर, समोर बसून. दिवाणखान्यात खाली बसलो, घसा साफ केला. तो आला, माझ्या बुटावर हनुवटी ठेवली आणि झोपी गेला. पायाला मुंग्या आल्या. अर्धा तास झाला, पाय हलवला नाही.

तेवढ्यात स्वयंपाकघरात धप्प आवाज. पर्ल बाहेर आली, संपूर्ण पांढरी. मागून टिल्डा, तीही पांढरी, हातात पिठाची रिकामी पिशवी. मॅरिट फोन ठेवून आली. "हे कोणी केलं?"

मी म्हणालो, "मी."

"तू अर्धा तास इथे बसलायस, लायल. मी बघतेय." मग थकून म्हणाली, "आता सगळंच अंगावर घेऊ नकोस. ऊठ आणि ते पीठ पूस."

मी म्हणालो, उठता येत नाही. गस झोपलाय.

तिने गसकडे पाहिलं. मग स्वतःच झाडू आणला. पर्लच्या पावलांमागून पीठ दिवाणखान्यापर्यंत आलं होतं. ती झाडत झाडत माझ्यापाशी आली आणि माझ्या पायाला वळसा घालून पुढे गेली.

गसची झोप मोडू नये म्हणून. ते मला कळतं.