जावेच्या कमरेचा आकडा

पाली, १४ ऑगस्ट

ती. सौ. दमूमावशीस,

विनीतचा साष्टांग नमस्कार. (गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून केलाय. गेली दोन वर्षं मी गावोगाव हेच शिकवत फिरतोय.) अलोऱ्यात सगळे मजेत असाल. तुझी तब्येत विचारत नाही, कारण फोनवर विचारली की मला काय धाड भरलीय, तू जेवलास का, असं म्हणतेस आणि विषय संपतो. तर होय, जेवलो. मालकीणबाई शनिवार सोडून रोज बांगड्याचं तिखलं देतात.

माझं संशोधन तुला ठाऊकच आहे. भातलावणीत वाकून वाकून बायकांचा कणा किती दुखावतो आणि सहा आठवड्यांच्या व्यायामाने किती सुधारतो, ते मोजायचं. त्यासाठी लावणी करणाऱ्या, पन्नाशीपुढच्या चाळीस बायका हव्यात, एकही कमी चालत नाही. गेल्या महिन्यात एकोणचाळीस जमल्या, चाळिसावी म्हणून शेजारच्या केरूची बायको येते म्हणाली होती, मी खूश! प्रत्येकीपुढे एक कार्ड धरायचं. त्यावर शून्य ते दहा आकडे, शून्याशी हसरा चेहरा, दहाशी रडका. जेवढं दुखतं तिथे तिने बोट ठेवायचं. पहिली आली सखू. तिने रडक्या चेहऱ्याकडे बघून ह्याचं कोण गेलं म्हणून चौकशी केली, जरा हळहळली आणि बोट ठेवलं शून्यावर. तिची जाऊ कमळा, शून्य. त्यांची सासू सावित्रीआजी, कमरेत इतकी वाकलेली की माझ्याशी बोलताना माझ्या चपलांकडे बघत होती, तीही शून्य. (वर मलाच म्हणाली, पोरा, किती वाळलायस!) अशी एकोणचाळीस शून्यं घेऊन खोलीवर आलो. मुंबईच्या मार्गदर्शक बाईंनी फोनवर अगदी शांतपणे विचारलं की कुणाचं काही दुखतच नाही, तर तुम्ही बरं काय करणार? त्या दिवशी तिखलंसुद्धा गोड लागलं नाही.

मग माझ्या डोक्यात भलतंच खूळ शिरलं. म्हटलं, आधी शास्त्रशुद्ध लावणी करून दाखवू, म्हणजे विश्वास बसेल. केरूच्या खाचरात उतरलो, पुस्तकात सांगितलंय तसा गुडघ्यांत वाकलो आणि तिथेच रुतलो. शेवटी सखूने एका बगलेत आणि कमळाने दुसऱ्या बगलेत हात घालून मला रोपासारखा उपटला. (एक चप्पल अजून आत आहे.) बांधावर टेकवल्यावर सखू हळूच माझ्या कानाशी आली, "माजं काय नाय ओ, पन कमळीची कंबार बगा. आठ लिवा." ती पाणी आणायला गेली तशी कमळा जवळ सरकली. सखू पहाटे भिंत धरून उठते, कळशी उचलताना ओठ चावते, तिचे नऊ लिवा म्हणाली. मावशी, या दोघी फणसाच्या एका झाडावरून दोन वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत! मला तर भरूनच आलं.

मग मी फॉर्मच बदलला. बाईला तिचं दुखणं विचारायचंच नाही, जावेचं विचारायचं, जाऊ नसेल तर शेजारणीचं. दोन दिवसांत एकोणचाळीस आकडे आले, एकही पाचाच्या खाली नाही. असा तक्ता जन्मात पाहिला नव्हता असं मार्गदर्शक बाई म्हणाल्या, पण चालेल म्हणाल्या. आता देवळाच्या सभामंडपात आठवड्यातून दोनदा व्यायाम होतात. सखू आणि कमळा एकाच चटईवर असतात. अबोला तसाच आहे, पण एकीला वळता आलं नाही की दुसरी हात देते.

अडलंय फक्त चाळिसाव्या बाईपाशी. केरूची बायको ऐन वेळी सुनेच्या बाळंतपणाला मुंबईला गेली. सोमवारपर्यंत कोणी मिळालं नाही तर पुढच्या लावणीपर्यंत थांबावं लागेल आणि माझं अख्खं वर्ष फुकट जाईल. असो. काकांना नमस्कार.

तुझा,
विनीत

ता. क. : तुझी दोन खाचरं आहेत, लावणी तू स्वतः करतेस, म्हणजे नियमात अगदी बसतेस. तुझं काही दुखत नाही, मान्य. पण भाच्यासाठी म्हणून सहा आठवडे पालीला राहायला येशील? घर सांभाळायला तुझी सून सानिका तयार आहे, मी विचारलंय.

ता. क. २ : काका, तुम्ही माझी पत्रं मावशीला मोठ्याने वाचून दाखवता. इथून पुढचं मनात वाचा. चाळिसावी बाई गेल्या आठवड्यातच मिळाली, माझं काहीही अडलेलं नाही. पण कुणाचं तरी अडलंय म्हटल्याशिवाय ही बाई घराबाहेर पडणार नाही. मागच्या गणपतीत मोदक वळून पाटावरून उठताना तिने दोन्ही हातांनी दाराची चौकट धरली होती आणि मी बघतोय कळल्यावर हसत सुटली. परवा फोनवर मी तुम्हाला तिचा आकडा विचारला, तर तुम्ही क्षणभरही न थांबता नऊ म्हणालात. काका, मी खरंच घाबरलोय. काय वाटेल ते सांगा, पण रविवारी तिला गाडीत बसवा.

आणि तुमच्या गुडघ्यांचा आकडा तिने मला गेल्या महिन्यातच कळवलाय. तुमचीही पिशवी भरा.