शिट्टी वाजली की वर यायचं

अण्णा,

नांदेडला राहायला जायचं ठरलंय. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं, पण दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल हे मला काही सुचलं नाही. नात चार वर्षांची झाली. लेकीची तिथल्या दवाखान्यातली ड्युटी कधी सकाळची, कधी दुपारची, आणि पोरीला परक्या बाईच्या हवाली करायला तिचं मन घेत नाही. आमचे हे गेल्यापासून लातूरच्या घरात मी आणि आई दोघीच. तेव्हा आम्हीच उठून तिकडं जावं, हे सरळ आहे. फक्त आईला सांगायचं कोणी, एवढाच प्रश्न होता. पस्तीस वर्षं झाली, तिनं त्या गावाचं नाव तोंडातून काढलेलं नाही. एसटीवर पाटी दिसली तरी मान फिरवते. तिकडचा कुणी पाहुणा आला तर चहा देते, पण कुठले तुम्ही, म्हणून विचारत नाही. आणि ऐंशीच्या घरातल्या त्या बाईला लातुरात एकटी ठेवून मी जाऊ शकत नाही, हे तिलाही ठाऊक आणि मलाही.

तुमची मोजणीच्या खात्यातली नोकरी. चाकूर, देवणी, देगलूर, दर दोन-तीन वर्षांनी बिऱ्हाड पाठीवर. पण तुम्ही आम्हाला कधी आंधळ्यासारखं नेलं नाहीत. बदलीचा कागद आला की सामान बांधायच्या आधी तुम्ही दोन दिवस एकटे त्या गावाला जायचात. कापडी पिशवीत एक धोतरजोडी आणि आईनं केलेल्या दशम्या. कामाला नव्हे, नुसतं गाव बघायला. पारावर बसायचात, हॉटेलात चहा प्यायचात, नळावर उभ्या बायांना विचारायचात, मास्तरला विचारायचात, गुराख्याला विचारायचात. परत आलात की हातपाय धुवून चुलीपाशी पाट ओढून बसायचात आणि आई भाकरी थापत असताना आम्हाला त्या गावचे कायदे सांगायचात. कायदे हाच तुमचा शब्द. देगलूरचे मला अजून तोंडपाठ आहेत. शाळेमागं मोकळं मैदान आहे, चिंचेची सावली आहे, खेळा लागेल तेवढं, पण बाजारच्या दिवशी तिथं बैल बांधतात, त्या दिवशी तिकडं फिरकायचं नाही. तळ्याच्या या अंगाच्या पायऱ्या बायांच्या, त्या अंगाला गुरं धुतात. बाजारात बाई तेलुगू बोलली तर हसायचं नाही, बोटानं दाखवून मागायचं. बोहणी व्हायच्या आधी भाव पाडायचा नाही. आणि एका ट्रेसिंग पेपरवर तुम्ही मला नकाशा काढून दिला होता, घर ते शाळा, त्यात सावलीची झाडं, पाण्याची टाकी, बसायचा कट्टा आणि एक चावरं कुत्रं, सगळं मापात.

तो बोहणीचा कायदा मी पहिल्याच आठवड्यात मोडला. भेंड्यांचा भाव पाडला तर त्या म्हातारीनं तराजू खाली ठेवला आणि पदरानं तोंड पुसत बसून राहिली. तुम्हाला कळलं. मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वेळेला मला तिच्यापुढं उभं केलंत, एका शब्दानं घासाघीस न करता भेंड्या घ्यायला लावल्यात, आणि परतताना म्हणालात, "गावानं तुला बोलावलं न्हाई. तू आलीस. मग त्याचं ऐकायचं कुणी?" मला तेव्हा तुमचा असा राग आला होता म्हणून सांगू. भेंडी मी अजून आवडीनं खात नाही.

मग लातूर झालं आणि आईनं तिथं पाय रोवले. स्वतःचं घर, दारात तुळस, शेजारी जिवाला जीव देणारे. लातूरचा कायदा एकच, तो तुम्हाला विचारावाही लागला नाही. आठवड्यातून एकदा नळ यायचा. वॉल्व्ह सोडणारा माणूस सायकलवरून गल्लीत शिट्टी मारत जायचा, आणि शिट्टी ऐकली की हातातलं जे असेल ते टाकून पाण्याकडं पळायचं. ताटावरून उठायचं. झोपलेलं पोर तसंच ठेवायचं. उशीर झाला की आठ दिवस मागत फिरायचं. तुमच्याइतकं कुणी पळत नव्हतं, अण्णा. एकदा अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून, घागर खांद्यावर घेऊन तुम्ही चौकातल्या नळावर पहिले पोचला होतात आणि सगळ्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. आईसुद्धा.

आणि नांदेडच्या बदलीचा कागद आला. आई इतकी वर्षं गुमान सामान बांधत आली होती. त्या दिवशी मात्र तिनं बांधलं नाही. दोघांचं मोठमोठ्यानं झालं, गल्लीला ऐकू गेलं. शेवटी ती म्हणाली, "जायचं तर एकटे जा. आमच्यासाठी आता गाव बघू नका." तुम्ही पिशवी घेतलीत. दशम्या तिनं केल्या नव्हत्या. मी दारात उभी होते, तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि निघालात. तिसऱ्या दिवशी तुमच्या कचेरीतला माणूस आला. पाणी दिलं तर त्यानं घेतलं नाही, तेव्हाच आई खाली बसली. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले होते म्हणे, नदीच्या घाटावर पाणी चढलं होतं. तुम्ही खाली सापडलात, गावाच्या पुढं, दोन कोसांवर. पिशवी पायरीवर होती आणि चपला तिच्याजवळ जोडून ठेवलेल्या होत्या. गल्लीत पहिल्यांदा ते कोण म्हणालं मला माहीत नाही, पण आईनं ते ऐकलं. पाय घसरून गेलेला माणूस चपला काढून ठेवतो होय? नदीत उतरताना कुणीही चपला काढतोच, हे मी तिला कितीदा सांगितलं. ती नुसती ऐकायची. ते भांडण आणि त्या चपला, एवढंच घेऊन ती पस्तीस वर्षं जगली.

गेल्या महिन्यात मी तिला उदगीरला लग्न आहे म्हणून सांगितलं आणि नांदेडला गेले. एकटी, दोन दिवस. लेक हसली मला. म्हणाली, आई, सगळं फोनवर आहे, बागा कुठं, कधी उघडतात, लोकांनी किती तारे दिलेत. मी म्हणाले, ताऱ्यांना काय कळतं. मी पायी फिरले. बाग चांगली आहे, पण दुपारी कुलूप लागतं हे फोनवर नव्हतं. झोके चार, त्यातल्या एकाची साखळी तारेनं बांधलेली. मागच्या भिंतीला भगदाड आहे, तिकडं पोराला सोडू नका बाई, एवढंच वॉचमन म्हणाला. का ते विचारलं तर बिडी पेटवत दुसरीकडं बघायला लागला. लेकीनं जे घर बघून ठेवलंय ते घाटापासून चार मिनिटांवर. मालकानं मला आधी खालचा मजला दाखवला. नवा रंग होता, पण खिडकीपाशी उजेडात उभं राहिलं की भिंतीवर एक सरळ रेघ दिसत होती, माझ्या कमरेइतकी, चारही भिंतींना सारखी. मी बोट ठेवलं. मालक म्हणाला, ओल आहे जराशी. मोजणीदाराची पोर आहे मी, ओल अशी पाणसळ लावल्यासारखी चढत नाही. मी वरचा मजला घेतला.

मग घाटावर गेले. ते टाळून परतायचं असं मनात होतं, पण तुम्ही असतात तर गाव अर्धं बघून परतला नसतात. सकाळचे दहा वाजले होते, आभाळ स्वच्छ, ऊन चांगलं तापलेलं. बाया कपडे धूत होत्या, एक म्हातारी फुलं आणि द्रोण घेऊन बसली होती. मी तिच्याजवळ पायरीवर टेकले. नदी शांत होती, इतकी की मला तुमचाच राग आला, एवढ्याशा पाण्यात कसे गेलात म्हणून. आणि शिट्टी वाजली. लांब, एकसारखी. अण्णा, मी उठले आणि खाली निघाले. विचार नाही, काही नाही. चपला कधी काढल्या तेही कळलं नाही. तीन पायऱ्या उतरले असेन, हात कमरेला, घागर धरल्यासारखा. मागून कुणीतरी पदर असा हिसडला की मी बसलेच.

"ओ बाई, कुठं निघाल्या? शिट्टी वाजली की वर यायचं असतंय. लातूरच्या का तुम्ही?"

मी मान हलवली. ती फुलवाली म्हणाली, तिकडची माणसं असंच करतेत, मागं एक जण असाच पळाला होता खाली. धुणारणी कपडे गोळा करून केव्हाच वर पोचल्या होत्या. धरणातून सोडलेलं पाणी चढत होतं. आवाज नाही, लाट नाही, पाऊस तर कुठंच नाही. मी जिथं उभी होते ती पायरी होती, मग ओली झाली, मग नव्हती. आणि खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. उत्तर मिळालं होतं मला. तुम्ही शिट्टी ऐकलीत आणि लातूरच्या माणसासारखे पळालात. तुम्ही आम्हाला टाकून गेला नव्हतात, पाण्याला गेला होतात. म्हातारीचा हात धरून मी हसत होते की रडत होते कोण जाणे. मग माझ्यात तुमची खोड आहे, ती गप्प कुठं बसते. मी विचारलं, ही शिट्टी कधीपासून आहे?

"झाले की पाच-सहा साल. त्याच्या आदी कोन सांगनार? पानी यायचं, ज्याचं त्यानं बघायचं."

तिच्या त्या प्रश्नापासून माझ्या या प्रश्नापर्यंत जेवढा वेळ गेला, तेवढाच मी सुखात होते.

परत आले तेव्हा आई ओसरीवर मेथी निवडत बसली होती. मी उदगीरच्या लग्नाचं काही बोललेच नाही. नांदेडला गेले होते म्हणाले, आणि सगळं सांगितलं, शिट्टी, माझे पाय, म्हातारीनं धरलेला पदर. ती मेथीच निवडत राहिली. मग हात थांबला.

"शिट्टी तवाबी व्हती का?"

"हाव," मी म्हणाले. "पहिल्यापासून हाय."

तिनं पुढ्यातली मेथी बाजूला सारली. मग म्हणाली, पळायचेच ते तसे, गालाला साबण असला तरी. आणि हसली, अण्णा. पदर तोंडाला लावून हसली, मग तसंच रडली, मग उठून स्वतः दोन भाकरी थापल्या आणि दोन्ही खाल्ल्या. चल म्हणाली, कधी निघायचं.

उद्या टेम्पो येतोय. तिनं तिचं गाठोडं कालच बांधलं. मला रोज विचारते, घरापासून घाट किती पावलं आहे. त्या पायऱ्या बघायच्यात म्हणते, तिथल्या माणसांशी बोलायचंय म्हणते. तुमचीच बायको ती, विचारल्याशिवाय राहायची नाही. फुलवाली रोज तिथंच बसते. मी नातीकडून फोनवर घोकवून घेते, शिट्टी वाजली की कुठं जायचं? वर, म्हणते ती. आईकडून मला असं घोकवून घेता येत नाही. तिचे पाय अजून शिट्टीला उठतात, गुडघे दुखत असले तरी.

आणि एक गोष्ट मी आईला सांगितली नाही, लेकीलाही नाही. शिट्टी नसली तरी कायदा असणारच. आभाळ कोरडं असलं तरी पाणी चढतं, हे त्या घाटावरच्या पोरासोरांनाही ठाऊक असणार. तुम्ही दोन दिवस त्या गावात होतात. दोन दिवसांत तुम्ही हे कुणाला विचारलं नसेल, हे मला पटत नाही.

हा कागद मी कुठंच टाकणार नाही. तुमच्यापर्यंत पोचवायची काही सोय असती, तरी मी पाठवला नसता. तुम्ही उत्तर दिलं असतं, आणि तुम्हाला खोटं बोलता येत नव्हतं.