धड्यातील एकडोळ्या बैलाबाबत लेखी खुलासा

दिनांक : २२ सप्टेंबर १९७३

अर्जदार : जगदेव पुंजाजी पडघान,
सहायक शिक्षक (मराठी), ग्रामोद्धार विद्यालय,
मु. पो. वरूडखेड, ता. मंगरूळपीर, जि. अकोला

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी साहेब,
जिल्हा परिषद, अकोला

विषय : इयत्ता अकरावीच्या पुरवणी वाचनातील बैल नेमका कोण, याचा खुलासा सादर करणेबाबत व अर्जदारास वर्गावर जाऊ देणेबाबत.

संदर्भ : शाळा मंडळाची अर्जदारास मिळालेली नोटीस. (“बैल कोण ते येत्या सोमवारपर्यंत लेखी द्यावे, अन्यथा नोकरीवरून कमी करण्यात येईल.”)

महोदय,

१. अर्जदार सविनय सादर करतो की, तो वरील शाळेत मराठी हा विषय शिकवतो. उजव्या हाताची बोटे मोडलेली असल्यामुळे हा अर्ज तो तोंडी सांगत असून त्याची पत्नी सौ. विमलबाई लिहून घेत आहेत. अर्ज मुख्याध्यापकांमार्फत पाठवावयाचा असतो हे अर्जदारास ठाऊक आहे. परंतु मुख्याध्यापकांनी अर्ज हातात घेतला नाही, दारही अर्धेच उघडले. त्यांचेही बिऱ्हाड याच गावात आहे, तेव्हा अर्जदार त्यांच्यावर राग धरत नाही.

२. पुरवणी वाचनात एका कादंबरीतील प्रकरण घेतलेले आहे. एका गावात पाणवठ्याच्या वाटेवर एक म्हातारा, एकडोळ्या बैल आडवा उभा राहतो. त्याला हुसकावण्याची कोणाची छाती होत नाही. सारे गाव वर्षानुवर्षे काट्याकुट्यांतून वळसा घालून पाण्याला जाते. शेवटी एक म्हातारी डोक्यावरची घागर खाली ठेवते आणि त्याला दोन्ही हातांनी ढकलते. एवढीच गोष्ट. अर्जदाराने वर्गात शिकवले की, हा बैल म्हणजे प्रतीक आहे. लेखक सरळ बोलत नाही, तो एक वस्तू दाखवतो आणि तिच्याआडून दुसरे काही सांगतो. मुलांची तोंडे कोरी राहिली. तेव्हा अर्जदाराला एक युक्ती सुचली, आणि तिनेच पुढे त्याचा घात केला. तो म्हणाला, पोळ्याच्या तोरणाखाली आपल्याकडे झडत्या म्हणतात ना, तसेच हे. झडतीत नाव घ्यायचे बैलाचे आणि टोला हाणायचा माणसाला. साऱ्या वर्गाला प्रतीक एका क्षणात समजले. अर्जदार त्या दिवशी फार खुशीत घरी गेला.

३. साहेबांची बदली दुसऱ्या मुलखातून झालेली असल्यास एवढे सांगणे भाग आहे की, वऱ्हाडात झडती ऐकणारा माणूस प्रथम एकच गोष्ट शोधतो : हे कोणावर आहे? झडती कोणावरच नाही, असे येथे होत नाही. दौलतराव पाटील हे शाळा मंडळाचे अध्यक्ष आणि पोळ्यात पहिल्या मानाच्या जोडीचे धनी आहेत. त्यांच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेले असून त्या डोळ्याने त्यांना दिसत नाही. कादंबरीकाराने वरूडखेड हे नावही कधी ऐकले नसेल. अर्जदाराचे म्हणाल, तर त्याच्या हे ध्यानातच आले नाही. नेमणुकीच्या दिवशी त्याची नजर दौलतरावांच्या डोळ्यावर नव्हती, त्यांच्या हातातल्या कागदावर होती.

४. ग्यानबा हा दोन एकरांचा शेतकरी. त्याची जोडी तोरणाखाली नेहमी सर्वांत शेवटी. अर्जदाराच्या वर्गातल्या त्याच्या मुलीने घरी मोठ्याने वाचलेला धडा त्याने ऐकला होता. पोळ्याच्या दिवशी डफडे थांबले आणि त्याने सर्वांसमक्ष झडती टाकली :

“पानवठ्याच्या वाटंवर एकडोळ्या वळू,
त्याले पाहून सारं गाव लागे पळू,
बुढीनं ठेवली घागर, देल्ला त्याले धक्का,
मानाच्या जोडीवाल्या, आता सांभाळ तुहा हक्का!”

लोक हसले. हसू पुरते ओसरले नव्हते तोच दौलतरावांच्या गड्यांनी ग्यानबाला खाली पाडले. त्याचे दात तोरणाखाली पडले आणि खांदा निखळला. बाशिंगे बांधलेले, झुली घातलेले बैल बुजून गर्दीत घुसले आणि बायामाणसे तुडवली गेली. एवढ्यावर भागले नाही. दौलतरावांनी गड्याच्या हातातली तुतारी, म्हणजे बैल हाकायची टोकदार काठी, घेतली आणि तिचे लोखंडी टोक ग्यानबाच्या पवळ्या बैलाच्या डोळ्यात खुपसले. पोळ्याच्या दिवशी आपल्याकडे बैलावर चाबूकसुद्धा उचलत नाहीत. तो बैल गुडघ्यांवर बसला, आणि त्याच्या रंगवलेल्या शिंगांखालून रक्त गळू लागले. दौलतराव बोलले ते जसेच्या तसे देत आहे : “घे. एकडोळ्या बैल आता तुह्या गोठ्यात हाय. म्हण झडती!” ग्यानबा तोंडातले रक्त थुंकत एवढेच म्हणाला, “म्या नाई बनवली, पाटील. पुस्तकात हाय. मास्तरले इचारा.”

५. पोळ्याची सुटी संपून शाळा उघडली त्या दिवशी दौलतराव गड्यांसह वर्गात आले. अर्जदार फळ्यापाशी उभा होता. दौलतरावांनी विचारले, “सांग मास्तर, बैल कोन हाय?” सवयीचा दोष म्हणावा, अर्जदाराने परीक्षेत लिहावे तसे उत्तर दिले : सत्ता. लाकडी पट्टी कानावर बसली. अर्जदार म्हणाला, रूढी. पट्टी तुटली. अर्जदार म्हणाला, माणसाच्या मनातली भीती. त्यावर त्याला बाकावर पालथे पाडण्यात आले. अखेर अर्जदार ओरडला की, बैल म्हणजे बैल आहे हो, नुसता बैल! दौलतराव म्हणाले, “मंग इतका वेळ लेकरायले खोटं काहून शिकवून राह्यला होता?” आणि त्याबद्दल त्याचा उजवा हात बाकाच्या पायाखाली घालून दोन गडी बाकावर बसले. हाड मोडल्याचा आवाज साऱ्या वर्गाला ऐकू गेला. जाता जाता दौलतराव हेही बोलले : “तुह्या बापानं आमची मेलेली ढोरं वढली, अन् तू आमालेच ढोर म्हणून राह्यला?” अर्जदाराच्या वडिलांनी ढोरे ओढली, हे खरे आहे. छप्पन साली दीक्षा घेतली त्याच दिवशी त्यांनी ते काम टाकले, हेही खरे आहे. बोटांपेक्षा हे वाक्य अर्जदाराला अधिक लागले.

(येथे विमलबाईंनी स्वतःहून लिहिले आहे : त्यायचे हात झडो. अर्जदाराने हे वाक्य खोडावयास सांगितले. त्यांनी खोडले नाही.)

६. यानंतर सारे गाव वाङ्मयाच्या मागे लागले. ज्यांनी कधी वर्तमानपत्र उलगडले नाही, ते लोक पोरांकडून पाठ्यपुस्तक वाचून घेऊ लागले आणि ‘आपण यात कोठे आहोत’ ते शोधू लागले. धड्यात बैलाच्या अंगावर बसणारा कावळा कोण, यावरून पारावर काठ्या चालल्या आणि एकाचे डोके फुटले. दौलतरावांच्या हुकमाने शाळेच्या पटांगणात मराठीची पुस्तके जाळण्यात आली. त्याच संध्याकाळी आमच्या वस्तीवर दगड आले. अर्जदाराच्या घराच्या छपराची कवेलू (कौले) फुटली आणि झोपलेल्या मुलीच्या अंथरुणावर पडली. मुलगी वाचली. अर्जदार तेव्हापासून दाराला खाट लावून झोपतो.

७. त्याच पुस्तकात एक ललित निबंध आहे. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, एकट्या बाभळीखाली काही उगवत नाही, असे लेखक म्हणतो. अर्जदाराने ‘बाभूळ म्हणजे लेखकाचा एकटेपणा’ असे सांगितले होते. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचे भाऊसिंग यांच्या धुऱ्यावर अशीच एक बाभूळ आहे आणि त्यांच्या पोटी मूल नाही. निबंध आपल्यावरच आहे अशी त्यांची खात्री झाली. त्यांनी ती बाभूळ तोडली आणि तीच कुऱ्हाड घेऊन अर्जदाराच्या दारी आले. पहिला घाव चौकटीत रुतला. विमलबाई मुलीला घेऊन चुलीमागे दडल्या. कुऱ्हाड काही निघेना, तेव्हा भाऊसिंग ओट्यावर खाली बसले आणि मोठ्याने रडू लागले. “मास्तर, माह्या घरात लेकरू नाई, हे पुस्तकवाल्याले कोनं सांगतलं?” अर्जदाराने त्यांना पाणी दिले. निबंध त्यांच्यावर नाही, असे समजावून सांगण्याचे त्याच्या जिवावर आले, कारण एकट्या माणसाने तो निबंध इतका बरोबर वाचलेला त्याने प्रथमच पाहिला होता.

८. आता मुख्य मुद्दा. मंडळाचे म्हणणे असे की, अर्जदाराने पुढील मजकूर सही करून द्यावा : ‘बैल म्हणजे फक्त बैल. त्यात दुसरा अर्थ काही नाही. अर्थ मी माझ्या डोक्यातून काढला.’ हा मजकूर चावडीपुढे हात जोडून वाचावा. वाचल्यास नोकरी राहील, न वाचल्यास नोकरी जाईल आणि गावातले घरही सोडावे लागेल. अर्जदार भित्रा माणूस आहे, हे तो आपल्यापासून लपवू इच्छित नाही. त्याने हा मजकूर विमलबाईंना सांगून लिहूनही घेतला होता. सही डाव्या हाताने करावयाची म्हणून तो सरावास बसला होता.

९. तेवढ्यात शेजारच्या प्रयागबाई आल्या. चावडीवर जाऊन त्यांनी ‘पुस्तकातली बुढी मीच हाय’ असे सांगितले होते. त्याबद्दल गड्यांनी त्यांची घागर त्यांच्याच डोक्यावर फोडली होती. कपाळाला हळद भरलेली, एक डोळा सुजून मिटलेला. अर्जदार काय लिहीत आहे, असे त्यांनी विचारले. अर्जदाराने वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “म्हंजे मी कोनालेच ढकललं नाई? मंग मले मारलं कायले?” अर्जदाराला लाज वाटली. तो कागद त्याने चुलीत घातला.

१०. सबब मागितलेला खुलासा अर्जदार आपल्याकडे सादर करीत आहे. त्याची प्रत मंडळास दिली जाईल व ती तो चावडीपुढे स्वतः वाचील :

धड्यातील बैल म्हणजे दौलतराव पाटील नव्हेत. सबंध प्रकरणात तो बैल कोणाला शिंग लावत नाही, कोणाचे दात पाडत नाही, पुस्तके जाळत नाही, निजलेल्या लेकरावर दगड टाकत नाही. तो फक्त उभा राहतो, आणि एका म्हातारीने ढकलताच निमूट बाजूला होतो. दौलतरावांशी त्याची तुलना झाली, याबद्दल अर्जदार त्या बैलाची जाहीर माफी मागतो.

११. अर्जदार येत्या सोमवारी पहिल्या तासाला वर्गावर हजर होईल. हाताने फळ्यावर लिहिता येणार नाही, म्हणून तो तोंडी शिकवील. अभ्यासक्रमाप्रमाणे पुढचा धडा घ्यावयाचा असून त्यात राजवाड्यातल्या बिळात राहणारा एक साप आहे. तरी साहेबांनी कृपा करून त्या दिवशी शाळेस पोलीस बंदोबस्त द्यावा, ही नम्र विनंती.

अजून सेवेत असलेला,
आपला नम्र,

जगदेव पुंजाजी पडघान
(सही डाव्या हाताची)

लेखन : सौ. विमलबाई जगदेव पडघान

सोबत :
१. मंगरूळपीरच्या डॉक्टरांचा दाखला.
२. शाळा मंडळाच्या नोटिशीची नक्कल.
३. मूळ धडा जोडता आला नाही, शाळेतील सर्व प्रती जळाल्या आहेत. साहेबांनी कृपया आपल्याकडील प्रत वाचून पाहावी.