आवाज मात्र माझ्याबरोबर जाईल

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा वन्यजीवांचे माहितीपट बनवण्याचा आणि ते दूरचित्रवाणीवर सादर करण्याचा, आज माझ्या स्वतःच्या घरी, दिवसाउजेडी, कोणाच्याही भिडेला किंवा धाकाला बळी न पडता, माझ्या मागे माझ्या मिळकतीचे काय व्हावे ते लिहून ठेवत आहे. यापूर्वी एकदा मृत्युपत्र केले होते. ते पतीच्या नावे होते आणि पती माझ्याआधी गेले. म्हणून ते रद्द समजावे.

माझी शुद्ध ठिकाणावर असल्याचा दाखला आमच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. त्यांनी आजचा वार विचारला, तो मी सांगितला. मग देशाचा कारभार कोण पाहतं, असं विचारलं. "पाहतं कोणी, असं तुम्हाला वाटतं का?" असं मी उलट विचारल्यावर त्यांनी पुढे काही न विचारता सही केली.

कलम १. राहते घर, दुसऱ्या मजल्यावरचे, तीन खोल्या आणि गॅलरी, माझ्या एकुलत्या एका लेकीला द्यावे. ते तिचेच आहे. तिला तिथे वाढवले तिच्या बाबांनी. ते घड्याळे दुरुस्त करत आणि दुकान घराखालीच होते, म्हणून दुधापासून शाळेच्या डब्यापर्यंत सगळे त्यांच्याकडे. मी महिनोन् महिने दलदलीत. समोरच्या काकू एकदा त्यांना ऐकवून म्हणाल्या, "बायको चिखलात आणि नवरा चुलीपाशी, उलटीच तऱ्हा!" हे भिंगातून मान वर न करता म्हणाले, "काकू, चिखलातली परत येते तेव्हा तिला कढत पाणी लागतं. ते तापवायला कोणीतरी नको का घरी?" माझ्या सगळ्या पारितोषिकांत हे वाक्य पहिल्या नंबरवर आहे. त्यांचे भिंग आणि चिमटे लेकीकडेच राहावेत. विकू नयेत.

कलम २. लपण, म्हणजे ज्यात दडून आम्ही चित्रण करायचो तो ठिगळांचा तंबू, माझी दुर्बीण आणि मांडीपर्यंतचे रबरी बूट 'कान'ला द्यावेत. कान हे आमचे ध्वनिमुद्रण करणाऱ्या माझ्या मैत्रिणीचे टोपणनाव. बेडूक कोणत्या बाजूच्या गवतात ओरडतो ते ती डोळे मिटून सांगते आणि आजही तिचे चुकत नाही. तिचे पाऊल माझ्याहून लहान आहे. तिने दोन मोजे घालावेत, पण बूट घालावेत. फळीवर शोभेला ठेवले तर मी वरून बघेन.

कलम ३. आता मी या धंद्यात आले कशी, ते नोंदवते. कारण माझ्यामागे जो तो आपण मला संधी दिली असे सांगत सुटेल.

मी दूरचित्रवाणी केंद्रात संकलनाच्या खोलीत फिल्मचे तुकडे जोडत असे. निवेदिकेच्या जागेसाठी आवाजाची चाचणी दिली, तेव्हा कार्यक्रमप्रमुख साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, हा आवाज नाही, सर्दी झालेलं बदक आहे." सगळे हसले. मी पुन्हा कात्री हातात घेतली. पुढे 'झुडपाआड' नावाचा पक्ष्यांचा कार्यक्रम सुरू झाला आणि त्याचे देखणे निवेदक पहिल्याच दिवशी होडीत पाय ठेवायला तयार होईनात. पाण्यात जळवा होत्या. प्रकाश मोजण्यापुरते कोणीतरी उभे राहायला हवे म्हणून मला होडीत ढकलले. समोर एक पाणकोंबडी वाळक्या देठांवर अंड्यांशी बसली होती. मी तिच्याकडे पाहत जे दिसत होते ते हळू आवाजात बोलत राहिले. ती मान कशी आत घेते, अंडी कशी उलटवते. आमचा छायाचित्रकार, ज्याला पाण्यात तासन् तास एका पायावर उभा राहतो म्हणून सगळे 'बगळा' म्हणत, त्याने कॅमेरा बंदच केला नाही. त्या आठवड्यात दाखवायला दुसरे काही नव्हते, म्हणून तेच दाखवले.

पुढच्या आठवड्यात रेशनच्या रांगेत मी नुसते "किती वेळ लागेल हो?" म्हटले, तर पुढच्या बाईच्या कडेवरचे पोर मागे वळून ओरडले, "आई, पाणकोंबडी!" बदकाची पाणकोंबडी झाली होती. मी ती बढती मानली. त्यानंतर वर्षानुवर्षे तो कार्यक्रम माझा होता.

कलम ४. वर उल्लेख केलेले कार्यक्रमप्रमुख साहेब हयात आहेत. त्यांच्यासाठी ठेवलेली वस्तू शेवटी सांगते, आधी कारण सांगते.

गरुडाच्या शिकारीचा भाग करायचा होता. बरेच दिवस बसून शिकार काही दिसेना. एका सकाळी आम्ही माळावर पोहोचलो तर तिथे एक पांढरा, पाळीव ससा. त्याच्या मागच्या पायाला मासे पकडायची पारदर्शक दोरी आणि दोरी खुंट्याला. गरुड आला. जे व्हायचे ते झाले. साहेबांनी माझ्या हातात कागद दिला. त्यावर लिहिले होते, 'आज नशिबाने आपल्याला निसर्गाचे हे रौद्र रूप पाहायला मिळाले.'

मी म्हटले, "आधी दोरी दाखवा, मग म्हणते."

"लोकांना शिकार हवी असते. दोरी कोण बघतंय?"

"मी बघितली ना."

"तुम्ही बोलायला आहात, बघायला नाही."

"साहेब, मी बघितलेलंच बोलते. दुसरं मला येत नाही."

दुसऱ्या दिवशी माझा कार्यक्रम गेला. ते वाक्य एका नाटकातल्या नटाने खणखणीत आवाजात म्हटले आणि त्या भागाला मोठे पारितोषिक मिळाले. मी घरी येऊन ह्यांना सांगितले. हे म्हणाले, "बरं झालं. आता तुझ्या वेळेचे काटे तूच फिरव."

कलम ५. मी ते फिरवले. शहराच्या कडेला वीजकेंद्राचे ऊन पाणी जिथे दलदलीत सुटते, तिथे पाणमांजरे राहत होती. वीजकेंद्राच्या भिंतीला लागून, गंजक्या पाइपांखाली. ती दलदल बुजवून गोदामे बांधायचे घाटत होते. बगळ्याने स्वतःचा कॅमेरा आणला, कानने नोकरीतून रजा काढली आणि आम्ही तिघे एका लपणात जाऊन बसलो. पाणमांजराच्या पिल्लांना पाण्याची भीती वाटते, हे मला तोवर माहीत नव्हते. आई त्यांना मानेला धरून ओढत नेते, पाण्यात सोडते, बुडायला लागली की पुन्हा वर काढते. दोन पिल्ले शिकली. तिसरे काठावर बसून नुसते रडायचे. कानने त्याचे रडणे असे टिपले आहे की ऐकणाऱ्याचा हात आपोआप पुढे होतो. त्यातच गोदामवाल्यांच्या माणसांनी येऊन आम्हाला तिथून उठवले.

जेवढे जमले तेवढ्याचा माहितीपट केला आणि नगरपालिकेच्या सभागृहात, गोदामांच्या ठरावावर मतदान होण्याआधी, भर सभेत हट्टाने दाखवला. दिवे लागले. मग गोदामाच्या बाजूचे म्हणून ओळखले जाणारे एक जाडजूड सभासद उठले आणि घसा खाकरून म्हणाले, "बाई, ते तिसरं उतरलं का पाण्यात?"

खोटे सांगणे सोपे होते. कान माझ्याकडे बघत होती. मी म्हटले, "माहीत नाही. आम्हाला उठवलं तेव्हा ते काठावरच होतं."

"माहीत नाही म्हणजे काय? असं अर्धवट ठेवून कसं चालेल?"

"मग आम्हाला परत बसू द्या. बघून सांगते."

सभागृहात हशा झाला, पण ते सभासद हसले नाहीत. त्यांनी ठराव पुढे ढकलायची सूचना मांडली आणि ती मंजूर झाली. आम्ही परत बसलो. ते पिल्लू उतरले. आईने ओढल्यावर नव्हे, भावंडांच्या मागे, आपले आपणच. ते चित्रण पुढच्या सभेत दाखवले तेव्हा माणसे बाकांवर उभी राहिली. दलदल राखीव झाली. ती आजही आहे, आणि ते ऊन पाणीही. मी मोठेपणा सांगत नाही असे कोणी म्हणू नये. मी तो सांगतेच आहे. बगळा आज असता तर त्यानेही सांगितला असता.

साहेब त्या दिवशी शेवटच्या रांगेत होते. बाहेर पडताना म्हणाले, "चांगलं आहे, पण शिकार नाही त्यात." म्हणून त्यांना या माहितीपटाची एक प्रत द्यावी. अट एवढीच की ती त्यांनी शेवटपर्यंत पाहावी.

कलम ६. माझे सगळे चित्रण, वापरलेले आणि न वापरलेले, विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागाला द्यावे. ज्याला हवे त्याने ते बघावे, शिकावे, दाखवावे. पण तुकडे पुढेमागे करून, न घडलेला पाठलाग घडवू नये. सिंहाच्या डरकाळीचे संगीत पाणमांजरामागे लावणाऱ्याला माझा तळतळाट लागेल. कायद्यात तळतळाटाला जागा नाही, म्हणून मनाईही लिहून ठेवते.

कलम ७. माझा आवाज. तो मी कोणालाही देत नाही.

हे वेगळे लिहायचे कारण असे. गेल्या वर्षी एका कंपनीची माणसे घरी आली. फार अदबीने बोलली. माझी जुनी भाषणे संगणकाला ऐकवायची, मग संगणक माझ्या आवाजात हवे ते बोलेल, नवे कार्यक्रम निघतील, मी असले काय आणि नसले काय. सर्दी झालेल्या बदकाची एवढी मागणी पाहून मला हसू आले. मी नको म्हटले. ती गेल्यावर लेक स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिली.

"आई, काय वाईट होतं त्यात?"

"मी जिथं गेले नाही, जे पाहिलं नाही, ते माझा आवाज सांगेल. हे वाईट."

"लोकांना चालेल."

"दोरीसुद्धा चालली होती."

ती थांबली. नळ बंद केला. मग पाठमोरीच म्हणाली, "लोकांचं जाऊ दे गं. तू गेल्यावर मी काय ऐकू? तू घरी असायचीस कुठं? आम्ही तुला टीव्हीवरच ऐकलं."

मी तिच्या हातातले भांडे घेऊन फळीवर ठेवले. नंतर म्हटले, "अजून आहे ना मी? मशीनला काय विचारणार होतीस ते मला विचार."

तेव्हापासून ती दर रविवारी येते आणि विचारते. जळवांचे विचारते, बाबांना मी आधी पाहिले की त्यांनी मला, ते विचारते. ठरावाच्या दिवशी खोटे सांगावेसे वाटले होते का, तेही विचारले. होते. मी बोलते, ती ऐकते, मध्येच भांडते. काहीही ध्वनिमुद्रित करत नाही. मीच करू दिले नाही, आणि आता तीही म्हणत नाही. काल जाताना दारात थांबून म्हणाली, "आई, तुझा आवाज टीव्हीवर वेगळाच यायचा गं. घरी चांगला आहे."

एवढे ऐकल्यावर वाटून द्यायचे काही उरले नाही. अंमलबजावणी लेकीने करावी. उरल्यासुरल्या भांड्याकुंड्यांचे तिला सुचेल ते करावे.

वरील सर्व मी स्वतः सांगून लिहविले, मला वाचून दाखवले, दोन ठिकाणी मी दुरुस्ती केली आणि खालील दोघींच्या देखत सही केली. दोघींनीही माझ्या व एकमेकींच्या समक्ष सह्या केल्या. या कागदातून दोघींना काहीही मिळत नाही हे सांगितल्यावर शेजारीणबाई म्हणाल्या, "चहा तरी?" तो दिला आहे.

(सही) मृत्युपत्र करणारी, 'झुडपाआड'ची निवेदिका

साक्षीदार १ (सही) डॉक्टरीणबाई, तळमजल्यावरचा दवाखाना
साक्षीदार २ (सही) वरच्या मजल्यावरच्या शेजारीणबाई, निवृत्त भूगोल शिक्षिका

स्थळ : राहते घर, गॅलरीलगतची खोली
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२६, सोमवार