फुकटच्या विमानाने पुसलेली दोनशे पानं

चि. भिंगरीस,

काकाचे भरघोस आशीर्वाद. तुझी मान, तुझे डोळे आणि संगणकावर विमान उडवायचा तुमचा तो फुकट प्रोग्राम, तिघांची तब्येत बरी असेल अशी आशा. (तिसऱ्याची नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर पत्र.)

तू आणि जगभरातले तुझे बिनपगारी सहकारी मिळून हा प्रोग्राम बांधता, त्याची ओळन् ओळ सगळ्यांसाठी उघडी ठेवता, याचा मला कोण अभिमान! निवृत्त झाल्यापासून रोज जेवण झालं की मी पट्टा बांधून उड्डाण करतो. (खुर्चीला पट्टा मुद्दाम शिवून घेतलाय. काकू हसते.) गेल्या मंगळवारी एक नवं विमान घेतलं, कुणा उपद्व्यापी माणसाने बनवलेलं. विमानाने आपल्या उड्डाणांची नोंद आपल्याच कप्प्यात ठेवावी, बाहेर लिहायला गेलं तर प्रोग्रामने हात धरावा, असा तुमचा नियम आहे म्हणे. हात धरणं सोडाच, तुमच्या पहारेकऱ्याने दार उघडून वर या-बसा केलं! विमान सुखरूप उतरलं आणि काकूची ‘आठवणी’ ही फाईल पुसून तिथे स्वतःची नोंद लिहून मोकळं झालं. बाईने सव्वीस वर्षं प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून काढली, दोन वर्षं खपून दोनशे पानं लिहिली, आणि आता तिथे एकच ओळ आहे: ‘उड्डाण चाळीस मिनिटं, उतरणं समाधानकारक.’ (प्रसूतिगृहाचा सारांश म्हणून वाईट नाही, पण हे तिला सांगणार कोण?) हजारो फायलींतून त्याला नेमकी हीच कशी सापडली, याचा तुमच्या विद्वान मंडळाने छडा लावावा.

‘संगणक तापलाय, त्याला विश्रांती हवी’ असं सांगून मी वेळ मारून नेतोय. भांडी आठ दिवस मीच घासतोय. खरं सांगू? फार वाईट वाटतंय. तिने पहिलं पान वाचून दाखवलं तेव्हा मी विमान उतरवत होतो, नुसतं ‘हं हं’ केलं. आता ते पान ऐकावंसं वाटतं.

तुझा,
काका

ता. क. तो उपद्व्यापी माणूस मीच. विमान मीच बनवलं आणि नोंद कोणत्या फाईलीत लिहायची तो पत्ताही मीच घातला. माझ्या उड्डाणांच्या वहीलाही मी ‘आठवणी’च नाव दिलं होतं, तिची फाईल विसरूनच गेलो. पण माझ्यासारख्या गाढवाला जे चुकून जमलं, ते चोराला ठरवून जमणार नाही का? भगदाड बुजवा.

आणखी एक. काकूने तुला वाचायला प्रत पाठवली असेल तर गुपचूप धाड. भीतीने इंटरनेटची वायर उपटून ठेवलीय, म्हणून हाताने लिहितोय. गुडघा धरलाय, तेव्हा पत्र टपालात टाकायला काकूकडेच देतो. पाकीट डिंकाने घट्ट चिकटवलंय.

(काकूच्या अक्षरात) डिंक ओला होता. चोराच्या उलट्या बोंबा वाचल्या. प्रत माझ्याकडे आहे; घरात वैमानिक असल्यावर मी रोज दुसरीकडे उतरवून ठेवते. यांना इतक्यात कळवू नकोस, भांडी लख्ख निघताहेत. पहिलं पान मात्र आज वाचून दाखवणार आहे, पाठ आहे असं सांगून.