नव्या माशाचे तीस दिवस

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, चष्म्याच्या काचा घासून पोट भरलेला आणि आता घरी बसलेला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे, कोणाचा दबाव नाही. अक्षर वेडेवाकडे आले आहे ते भीतीमुळे. सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे, आणि भूल दिल्यावर मी परत जागा होईन अशी मला खात्री वाटत नाही.

१. राहते घर आणि बँकेतली शिल्लक माझ्या एकुलत्या मुलीला.

२. काचा घासायचे यंत्र आणि बारीक पेचकसांचा डबा माझे दुकान चालवणाऱ्या बाईंना. जावईबापू त्याला भंगार म्हणाले होते, तेव्हा त्यांची हरकत नसावी.

३. दिवाणखान्यातली खाऱ्या पाण्याची चार फुटी टाकी, आतल्या खडकांसह आणि पाच माशांसह, माझ्या धाकट्या भावाला. नऊ वर्षे त्याने या घरात पाऊल टाकलेले नाही. कारण पाचव्या कलमात आहे.

४. मागच्या खोलीत वेगळ्या लहान टाकीत एक नवा निळा मासा आहे. आज त्याचा बारावा दिवस. तो खातो, पोहतो, ठणठणीत दिसतो. दिसण्यावर कोणी जाऊ नये; रोग अंगात लपलेला असू शकतो. तीस दिवस पुरे झाल्याशिवाय त्याला मोठ्या टाकीत सोडू नये. दोन्ही टाक्यांची जाळी वेगळी ठेवावी. सोडताना मोठ्या टाकीतले पाणी बारीक नळीने थेंबथेंब, तासभर, त्याच्या भांड्यात पडू द्यावे. खारटपणा एकदम बदलला तर मासा दगावतो. मग फक्त मासा सोडावा, त्याच्या भांड्यातले पाणी मोरीत ओतावे. दिवे बंद ठेवावेत, म्हणजे जुने मासे अंगावर जाणार नाहीत. मी दवाखान्यात असताना कोणीतरी मायेपोटी घाई करील, या धास्तीने हे सगळे लिहून ठेवत आहे.

५. ही धास्ती मला कुठून लागली ते लिहितो. नऊ वर्षांपूर्वी माझी पत्नी अंथरुणाला खिळली होती. पलंग आम्ही टाकीसमोर हलवला होता. तिला पिवळा मासा हवा होता. धाकट्याने तो आणला, वेगळ्या टाकीत ठेवला आणि मला बजावले, "दादा, महिनाभर हलवू नकोस."

तिच्याकडे महिना आहे की नाही, हे मला ठाऊक नव्हते. दहाव्या दिवशी मी मासा मोठ्या टाकीत सोडला. ती लहान मुलीसारखी हसली.

आठवड्यात माशांच्या अंगावर मिठाचे दाणे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके आले. दोन आठवड्यांत टाकीतले तेव्हाचे सातही मासे गेले, एकेक, तिच्या डोळ्यांदेखत. "माझ्या हट्टापायी मेले का हो?" तिने विचारले. मी घाबरलो. म्हणालो, "छे गं! धाकट्याने दुकानातल्या पिशवीचं पाणी टाकीत ओतलं."

तो आला तेव्हा ती त्याला नाही नाही ते बोलली. त्याने एकदाच माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "चुकलं वहिनी," आणि चपला घालून गेला. वीस दिवसांनी ती वारली. मुलीने काकाला आपल्या लग्नालाही बोलावले नाही. मी तोंड उघडले नाही. दोष माझा होता.

६. वरची पाच कलमे काल लिहून झाल्यावर मी धाकट्याला फोन केला. म्हणालो, "सगळं खरं लिहून ठेवलंय. मी गेल्यावर वकील पोरीला वाचून दाखवतील."

तो म्हणाला, "मेल्यावर काय सांगतोस, दादा? जिवंत आहेस तोवर सांग."

आज सकाळी मुलगी आली. पाचवे कलम मी तिला वाचून दाखवले. सोमवारचे भय त्या वाचण्यापुढे काहीच नव्हते. ती माझ्याकडे पाठ करून खिडकीशी उभी राहिली. शेवटी म्हणाली, "काकांचा नंबर तोच आहे का?"

मी नंबर सांगितला. ती फोन घेऊन बाहेर गेली. माझ्याशी ती एवढेच बोलली. इथे आत बसून मला तिचा आवाज ऐकू येतो आहे, शब्द कळत नाहीत.

वरील मजकूर वाचून, समजून, दोघांसमक्ष सही केली.

सही: चष्मेवाला
साक्षीदार: १. शेजारचे निवृत्त पोस्टमन २. कोपऱ्यावरच्या औषध दुकानाच्या मालकीणबाई
ठिकाण: राहते घर, दिवाणखाना
दिनांक: चौदा ऑक्टोबर, शनिवार